दुसरी वाट विचारणारा

कुठल्याही खोलीत शिरायच्या आधी तो उंबऱ्यावर थांबायचा. डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, मागच्या भिंतीला खिडकी आहे का ते पाहायचा आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारायचा, "आन् दुसरी वाट?"

बहुतेकांना प्रश्नच कळायचा नाही. हॉटेलातला पोऱ्या मोरीकडे बोट दाखवायचा, बँकेतला वॉचमन त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घ्यायचा. माझ्या लग्नाला आला, तेव्हा मंगल कार्यालयाच्या दारात माझ्या सासऱ्यांनी त्याच्या हाताला अत्तर लावलं, आणि यानं त्यांनाच विचारलं. पाहुणा आत्ताच पळायच्या बेतात आहे असं सासऱ्यांना वाटलं. न जेवता जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवला आणि वाढप्याला डोळ्यानं खूण केली. दोन जिलब्या जास्तच गेल्या त्याच्या पोटात.

अशी एखादी खोड असलेला माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आपण आधी हसतो, मग वैतागतो, आणि पुढे कधीतरी आपणच तसं करायला लागतो. मी अजूनही नाट्यगृहात शिरले की मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवते.

आम्ही दोघं विद्यापीठातल्या एकाच प्रयोगशाळेत, एकाच मार्गदर्शकांच्या हाताखाली संशोधन करत होतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची आणि तो मला ताई म्हणायचा. पाठीमागे मात्र सगळी लॅब त्याला अरे-तुरेच करायची, म्हणून इथंही तसंच लिहिते. मी गुलमंडीच्या बोळातली. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या पंचांग नाहीतर कारकुनी, त्यामुळे बोलणं जरा टोचरं. तो कन्नड तालुक्यातला, घाटाच्या पायथ्याच्या गावचा. घरी मेंढरं. शहरातल्या एका कॉलेजात शिकवायचा आणि तास संपले की सायकल मारत विद्यापीठात यायचा. एम.एस्सी. झाला, प्राध्यापक झाला, तरी बोली काही त्यानं बदलली नाही. वर्गात इंग्रजी, वर्गाबाहेर कन्नडची मराठी, मधलं काही नाही.

दुसऱ्या वाटेची खोड वडिलांकडून आली होती. कळप घेऊन पाण्यावर निघायचं तर धनगर आधी दोन वाटा विचारून ठेवतो. एका वाटेवर कुणी पेरून ठेवलेलं असतं, कुणी नवं कुंपण घातलेलं असतं. त्या वेळी शंभर मेंढरं घेऊन विचार करत उभं राहता येत नाही. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, तेही मी फार हसले म्हणून.

आणि गंमत अशी, की त्याच्या संशोधनाचा विषयही तोच होता. म्हणजे नाव मोठं इंग्रजी होतं, पण आत हेच. तेव्हाच्या औरंगाबादेत टेलिफोन म्हणजे तांब्याच्या तारा आणि पावसाळ्यात मुक्यानं राहणं. वाळूजला मात्र कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, शिफ्टच्या बसगाड्या माणसं वाहत होत्या, आणि पुस्तकांतून आम्ही वाचत होतो की केसाएवढ्या काचेच्या तंतूतून उजेड पाठवला की हजारो बोलणी एकदम जातात. हा तंतू महाग, त्याचा प्रत्येक जोड थोडाथोडा उजेड खातो, आणि कुणी कुदळ घातली की सगळंच बंद. त्याचा प्रश्न असा होता: इतके कारखाने, इतकी केंद्रं एकमेकांना जोडायची, तंतू कमीत कमी लागला पाहिजे, जोड कमीत कमी पडले पाहिजेत, आणि तरीही कुठे एका जागी तुटलं तर कुणीसुद्धा एकटं पडता कामा नये. काटकसर करायची म्हटली की एकच वाट उरते, आणि सोय बघायची म्हटली की दुप्पट तंतू लागतो. या दोघांच्या मधली जागा तो शोधत होता. पसरलेल्या केंद्रांचं कडं करून ती जोडायची हे त्याच्या कामाचं मूळ. लॅबमध्ये त्याला रिंगमास्तर म्हणत. त्याला ते आवडायचं.

त्यानं एक मोठा मऊ फळा भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर वाळूजचा नकाशा, नकाशावर टाचण्या, आणि टाचण्यांना गुंडाळलेली लोकर. सुताचा दोरा का नाही, तर लोकर घरची होती, वडिलांनी टकळीवर काढलेली. पांढरी लोकर म्हणजे रोजची वाट, काळी म्हणजे मोडतोड झाल्यावरची. आमच्या स्वच्छताप्रिय लॅबला त्या लोकरीचा वास यायचा. पावसाळ्यात तर असा यायचा की बाहेरून आलेले एक परीक्षक दबक्या आवाजात म्हणाले होते, इथं कुठे शेळी वगैरे बांधता का. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, शेळी नाही, मेंढी.

लोकरीवर त्याचा जीव होता, पण अहंकार नव्हता. विभागात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर पाळ्या लावून बसावं लागे. एकदा त्याचा प्रोग्राम दुपारभर चालला आणि संध्याकाळी जे कडं निघालं ते त्याच्या लोकरीच्या कड्यापेक्षा बरंच आखूड होतं. मी म्हटलं, आता हा रुसणार. तर त्यानं त्या यंत्राच्या पाठीवर हात फिरवला आणि सगळ्यांना चहा पाजला. मग शांतपणे फळ्यावरची लोकर उसवून नव्यानं गुंडाळली. असा संशोधक मी नंतर फारसा पाहिला नाही. आमच्यातले बहुतेक जण यंत्र चुकलंय हेच सिद्ध करत बसतात.

वाळूजच्या एका कारखान्यानं त्याच्या आराखड्याप्रमाणे आपल्या विखुरलेल्या इमारती जोडून घेतल्या. तिथला व्यवस्थापक कुरकुरत होता, की हे शेवटचं टोक पुन्हा पहिल्या इमारतीला कशाला जोडायचं, तेवढी केबल फुकट. यानं अर्धा दिवस त्याच्या केबिनमध्ये बसून त्याला पटवलं. पुढे पाण्याची पाइपलाइन टाकताना मजुरांनी केबल उखडून टाकली, आणि कारखान्यात कुणाला पत्ताच लागला नाही. सगळं दुसऱ्या अंगानं चालू राहिलं. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी खड्ड्यात तुटलेलं टोक पाहिलं तेव्हा बोभाटा झाला. हा आधी जरा खट्टू झाला, इतकं मोठं काम झालं आणि कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही म्हणून. मग हसायला लागला. म्हणाला, "कुणाच्या ध्यानातच आलं नाय ना ताई? मंग लई भारी झालं."

तर असा हा माणूस. प्रत्येक गोष्टीला दुसरी वाट विचारणारा. आणि स्वतःच्या प्रबंधाला मात्र त्यानं एकच वाट ठेवली होती.

प्रबंध तयार होता. टाइप झालेला, आकृत्या चिकटवलेल्या, सरांनी शेवटपर्यंत तपासलेला. फक्त पहिलं पान नव्हतं. पहिल्या पानावर लिहावं लागतं, की हा प्रबंध अमुक विद्यापीठाला सादर केला आहे. त्या 'अमुक'पाशी तो थांबला होता. नामांतर होऊन विद्यापीठाला ते नाव मिळेल तेव्हाच तो ते पान टाइप करणार होता. कोणतं नाव ते मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको, आणि बाकीच्यांनाही नको.

हे खूळ कुठून आलं तेही सगळ्यांना माहीत होतं. बी.एस्सी.ला असताना त्याच्या वसतिगृहाच्या खोलीत जालन्याकडचा एक मित्र होता. गणितात तो याच्यापेक्षा तरबेज. यालाही गणिताची गोडी त्यानंच लावली. विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला, त्यात त्या मित्राचं घर जाळलं गेलं. माणसं वाचली, बाकी काही वाचलं नाही. मित्र गावाहून परत आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी. त्या दिवशी खोलीत तो म्हणाला, की ते नाव लागेपर्यंत मला या विद्यापीठाची पदवी नको. आणि हा, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, म्हणाला, मलाबी नको.

तेव्हापासून यानं पदवीचा कागद उचलला नव्हता. बी.एस्सी.चा नाही, एम.एस्सी.चा नाही. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर नोकरी लागली आणि तसाच तो चालवत राहिला. मी एकदा विचारलं, की परीक्षा दिल्या, नोंदणी केली, मग प्रबंधानंच काय घोडं मारलं. तो म्हणाला, "मार्कशीट त्यांनी छापली ताई. हे पान मी लिहिणार हाय." 

मित्र बी.एस्सी.नंतर नागपूरला टपाल खात्यात लागला. सुरुवातीला दिवाळीला यायचा, मग यायचा थांबला. हा बोलावत राहिला, तो काही ना काही कारण सांगत राहिला. ज्याच्यासाठी एवढं चाललंय तो फिरकत नाही, हे काय प्रकरण आहे, असं मी लॅबमध्ये पुष्कळदा बोलून दाखवलं. तो ऐकून घ्यायचा आणि टाचण्या नीट करायचा.

आता सरांबद्दल सांगायला हवं. आमचे सर जुन्या पिढीतले. शाळकरी असतानाच निजामाच्या तुरुंगात जाऊन आलेले. 'मराठवाडा' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज बदलायचा. विद्यापीठाच्या नावातला तो शब्द जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि ते लपवायचे नाहीत. म्हणजे एकाच टेबलाच्या अलीकडे नामांतर हवं असणारा विद्यार्थी आणि पलीकडे नको असणारा मार्गदर्शक. गावात त्या काळी यावरून भाऊ भावाशी बोलत नव्हता. या दोघांचं भांडण मात्र फार सभ्य. सर चष्मा पुसत म्हणायचे, संशोधन भाकरीसारखं असतं, शिळं होतं. तो मान खाली घालून म्हणायचा, "शिळी भाकरी आमच्यात न्याहारीला असती, सर." की सर परत चष्मा पुसायला घ्यायचे.

पण सरांचं खरं होतं. प्रकाशाच्या तंतूवर जगभर धडाधड काम चाललं होतं. एकदा मी पुण्याला गेले असताना तिथल्या ग्रंथालयात एका जपानी गटाचा निबंध दिसला. शीर्षक वाचलं तर ते जवळजवळ याचंच कडं होतं. झेरॉक्स काढून आणली आणि त्याच्या हातात दिली. तो खिडकीपाशी उभा राहून वाचत होता. मी आणि सर, दोघंही दुसरीकडे बघायचं नाटक करत होतो. पुष्कळ वेळानं त्यानं मान वर केली. जोडांमध्ये वाया जाणारा उजेड त्या लोकांनी धरलाच नव्हता. तेवढा भाग अजून याचाच होता. सरांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं, आणि लगेच ते त्याच्यावर ओरडले. म्हणाले, आज सुटलास, पुढच्या खेपेला सुटणार नाहीस.

त्यात नोंदणीची मुदत. ती एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा सर स्वतः गेले. ज्यांनी आयुष्यात कुणाकडे शब्द टाकला नाही, ते विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत एका दाराबाहेर बाकावर बसून राहिले. आपल्याला जे नाव नको आहे त्याच्यासाठी अडून बसलेल्या मुलाला मुदत मिळावी म्हणून. मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मुदत मिळाली, पण लिहून मिळालं की ही शेवटची. ती जानेवारीअखेर संपणार होती आणि त्यानंतर उन्हाळ्यात सर निवृत्त होणार होते. म्हणजे जानेवारी हुकला की नोंदणी रद्द, मार्गदर्शक नवा, काम पहिल्यापासून. तोवर जपान्यांनी जोडांचाही हिशेब लावलेला असणार.

त्या हिवाळ्यात मी त्याच्याशी फार वाईट बोलले. म्हणाले, सगळ्या वाळूजला दुसरी वाट काढून देता आणि स्वतःचं कडं असं उघडं ठेवता. काय म्हणावं याला. तो रागावला नाही. त्याला राग यायचाच नाही, तेच तर माझ्या रागाचं कारण होतं.

डिसेंबरपासून गावात कुजबुज होती, आता होणार, आता होणार. अशा कुजबुजी इतकी वर्षं ऐकल्या होत्या की कुणी मान वर करत नव्हतं. पण या वेळी चौकाचौकांत पोलिसांच्या गाड्या दिसायला लागल्या. गुलमंडीवर दुकानदार अर्धं शटर ओढून बसायचे. आई मला विद्यापीठात जाऊ नको म्हणायची. काही भलतं होऊ नये ही एकच इच्छा सगळ्यांच्या मनात होती, नामांतर हवं असणाऱ्यांच्याही आणि नको असणाऱ्यांच्याही. आणि संक्रांतीला जाहीर झालं. नाव लागलं, आणि 'मराठवाडा' हा शब्दही शेवटी राहिला. कुणी नामांतर म्हणालं, कुणी नामविस्तार म्हणालं. गाव पेटलं नाही. एवढ्या वर्षांनी सगळ्यांनी एकदम श्वास सोडला असं मला वाटलं. रस्त्यावर गुलाल होता, ढोल होते, आणि ज्यांना आनंद नव्हता तेही निदान आपापल्या घरात जेवून झोपले.

तो दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आला तो तिळगूळ घेऊन. आधी सरांच्या हातावर ठेवला. सरांनी खाल्ला. मला वाटलं आता दोघांपैकी कुणीतरी काहीतरी मोठं बोलणार. सर म्हणाले, पहिलं पान कुठे टाइप करणार आहेस?

गुलमंडीवरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मीच त्याला घेऊन गेले, तिथले मालक आमच्या बोळातले म्हणून. उंबऱ्यावर थांबून यानं दुसरी वाट विचारली. मालक म्हणाले, जिना एकच आहे. मग कागद चढवला आणि घोटाळा झाला. नवं नाव इतकं लांब की एका ओळीत बसेना. मालकांनी सुचवलं, आद्याक्षरं टाकू, सगळे तसंच करणार आहेत आता. तो हात जोडून म्हणाला, "एक अक्षर बी कमी करू नका. वाटलं तर माझं नाव बारीक करा." मालकांनी तीन कागद वाया घालवले. शेवटी नाव दोन ओळींत बसवलं, दोन्ही बाजूंना सारखा समास सोडून. त्यानं कागद हातात घेतला आणि ओला नसताना त्याच्यावर फुंकर घातली. मला त्या क्षणी रडू आलं. मी टाइपरायटरच्या आवाजावर खापर फोडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

मुदत संपायच्या आत प्रबंध सादर झाला. पुढचं सगळं नेहमीसारखं, म्हणजे रखडत. तोंडी परीक्षा लागली तेव्हा रोहिणी संपत आल्या होत्या आणि सर निवृत्त झाले होते. ते आले, इस्त्रीचे कपडे घालून, आणि पाहुण्यांसारखे पहिल्या रांगेत बसले. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी जपानी निबंधाचाच विषय काढला. मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. तो मात्र खडू घेऊन सावकाश फळ्यावर जोड मांडत गेला. प्रत्येक जोडात किती उजेड जातो, जोड कमी केले की तंतू किती वाढतो, आणि दोन्ही कुठे मिळतात. शेवटी परीक्षक म्हणाले, हे आम्हाला तीन-चार वर्षांपूर्वी का नाही दाखवलंत? तो म्हणाला, घरची अडचण होती.

मागच्या रांगेत एक माणूस बसला होता. पांढरा शर्ट, कानशिलावर केस पिकलेले, मांडीवर मिठाईचा पुडा. बाहेरच्या कुणी आमच्या विषयाच्या परीक्षेला यावं असं काही नसतं, म्हणून माझं लक्ष गेलं. निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. हा गृहस्थ तिथंच. मग याची नजर गेली आणि हा खडूचा हात तसाच घेऊन त्याच्याकडे चालत गेला. दोघं एकमेकांना भेटले ते इतके घट्ट, की नागपूरच्या पांढऱ्या शर्टावर खडूची पाच बोटं उमटली.

लॅबमध्ये मी चहा केला. सर होते, मी होते, ते दोघं होते. मित्र पुडा सोडेना. थोड्या वेळानं तो खाली बघत म्हणाला, की आज आलो ते एक सांगायला आलो, आणि इतकी वर्षं आलो नाही तेही त्याच्याचमुळे. "मी घेतली व्हती डिग्री," तो म्हणाला. "दुसऱ्याच साली. नोकरीला मूळ कागद मागत व्हते. आई चुलत्याच्या पडवीत राहत व्हती. तुला कसं सांगू? तू तिकडं माझ्या शब्दावर थांबलेला."

मी किटली खाली ठेवली. मला त्या माणसाचा रागही आला आणि कीवही आली. सरांनी चहा बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला. एवढी वर्षं, जपानी निबंध, मुदती, बाकावर बसलेले सर, सगळं माझ्या डोक्यात एकदम उभं राहिलं. आणि मी त्याच्याकडे पाहिलं तर तो पुड्याची सुतळी सोडवत होता.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"डिग्रीच्या खिडकीपाशी रांगेत उभा व्हतास. मी लायब्रीत चाललो व्हतो. लांबूनच पाह्यलं आन् सायकल वळवली."

"मंग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तू रांग सोडली असती."

त्यानं पुड्यातला पेढा मोडला, त्याचे चार तुकडे केले, एक सरांसमोर ठेवला, एक माझ्यासमोर. मग जणू फळ्यावरचं काही समजावून सांगतोय अशा साध्या आवाजात म्हणाला, "तुझं घर जळालं व्हतं. तुला थांबणं परवडणारं नव्हतं. माझं शाबूत व्हतं. मंग मी थांबलो."

सरांनी बशीतला गार झालेला चहा पिऊन टाकला, चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग खाकरून म्हणाले, की पदवीचा अर्ज आजच भरून टाका, जुने दोन्ही कागदही मागून घ्या, ती खिडकी दुपारी लवकर बंद करतात. बोलणं नेहमीसारखं दरडावणीचं होतं, पण आवाज चढत नव्हता.

पुढे तो फार दिवस शहरात राहिला नाही. कन्नडच्या कॉलेजात जागा निघाली तशी गेला. फळा आणि लोकर माझ्या हवाली केली, ती मी बरीच वर्षं हलू दिली नाही. वाळूजचे नंतरचे कितीतरी आराखडे त्याच्या पद्धतीनं झाले, आणि ते करणाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नसेल. तो भेटला की मी हे तक्रारीच्या सुरात सांगते, तर त्याला फार बरं वाटतं.

पण माझ्या डोळ्यांपुढे तो येतो तो त्याच दुपारचा. लॅबच्या गॅलरीतून परीक्षा विभागाची खिडकी दिसायची. बाहेर उन्हात भली मोठी रांग होती. अर्ज घेऊन हा रांगेच्या शेपटाला उभा राहिला, तर मित्रानं त्याच्या हातातून कागद काढून घेतले. आवाज वर आला तेवढाच मी ऐकला. "तू बस तिकडं सावलीला. ही रांग माझी हाय." हा नको नको म्हणत होता. मित्रानं त्याला खांद्याला धरून लिंबाखालच्या पारावर नेऊन बसवलं आणि परत येऊन रांगेत उभा राहिला, पाठीवर खडूची पाच बोटं घेऊन.

रांग हळूहळू सरकत होती. मी आणि सर कठड्याला टेकून पाहत होतो. हा पारावर बसला, चपला काढल्या, मग पाय वर घेतले. मित्र मधूनमधून वळून त्याच्याकडे बघायचा. थोड्या वेळानं मी बघते तर हा पारावर आडवा झालेला, हाताची उशी करून. सर म्हणाले, झोपला वाटतं. आणि खरंच, भर दुपारी, एवढ्या गर्दीत, तो गाढ झोपला होता.